राहून गेलेलं निरोपाचं गाणं

डॉक्टर मंडळी त्याला दातार म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. तो दात करतो म्हणून कुणीतरी गमतीने हाक मारली आणि ती अशी चिकटली की फोन उचलल्यावर तो स्वतःही "दातार बोलतोय" म्हणू लागला. शहरातल्या सहा-सात दंतवैद्यांना तो कवळ्या तयार करून द्यायचा. दोन खोल्यांची जागा. एकीत प्लास्टरची पांढरी धूळ, दुसरीत मेण, स्पिरिटचा दिवा आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. वय बावन्न, हात स्थिर, बोलणं मोजकं. माणूस भेटला की चेहऱ्याआधी त्याचं तोंड बघायचं, ही धंद्याने लावलेली खोड.

एका शनिवारी सकाळी त्याने काम बंद ठेवलं आणि इस्त्रीचा शर्ट अंगावर चढवला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"चर्चमध्ये. दिवसभर गाणं शिकवणार आहेत. लॅटिन, जुन्या पद्धतीचं."

"आणि तुम्ही शिकणार?" तिने हातातलं काम थांबवलं. "पंचवीस वर्षं संसार केला, न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणताना ऐकलं नाही मी तुम्हाला."

"म्हणून तर शिकायला चाललोय," तो म्हणाला आणि बूट घालायला बसला.

खरं कारण त्याने तिला सांगितलं नाही. अकरा वर्षांत ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याचे बाबा लेथवर काम करायचे. जन्मभर लोखंड तासलं, त्यामुळे डाव्या कानाने जवळजवळ ऐकू यायचं नाही. पण गळा शाबूत होता. दर रविवारी सकाळच्या पहिल्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ते आणि त्यांचे तीन दोस्त वेदीच्या बाजूला उभे राहून लॅटिन गायचे. एक पोस्टमन, एक पुस्तकं बांधणारा बाइंडर आणि एक शाळेतला शिपाई. वाद्य नाही, माईक नाही. चार गडी आणि बाइंडरने कापडी पाठ लावून बांधलेली चार पुस्तकं. समोरची निम्मी माणसं तेव्हा पेंगत असायची आणि उरलेल्यांना शब्द कळत नसत, पण चौघांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. दातारला मात्र लहानपणी याची लाज वाटायची. वर्गातली मुलं चौघांच्या नकला करायची. मोठेपणी ती लाज गेली नाही, नुसती मुरली.

शेवटच्या आजारात बाबा हॉस्पिटलात होते. एका दुपारी नाकातली नळी बाजूला सारून ते म्हणाले, "शवपेटी उचलून बाहेर नेताना म्हणतात ना, निरोपाचं, ते या तिघांना म्हणू दे. आमचं ठरलंय. जो आधी जाईल त्याच्यासाठी उरलेल्यांनी म्हणायचं. तू फक्त फादरच्या कानावर घाल."

"घालतो बाबा."

"विसरशील."

"नाही विसरणार."

आणि तो विसरला नाही. तेच तर वाईट होतं.

चार दिवसांनी बाबा गेले. अंत्यविधीला सगळे डॉक्टर येणार होते, बायकोच्या माहेरची बडी माणसं येणार होती. मेहुण्याने धावपळ करून एक कीबोर्डवाला आणि एक नावाजलेली गायिका ठरवली. दातारच्या डोळ्यांपुढे ते तिघे म्हातारे आले. एकाचा आवाज कापरा, एकाला धाप लागते, एक मधेच चष्मा पुसायला थांबतो. चारचौघांत हसं होईल, असं त्याला वाटलं. फादरना त्याने काहीच सांगितलं नाही.

चर्चच्या दारात पोस्टमनने त्याला गाठलं. मागे बाइंडर आणि शिपाई उभे होते. तिघांच्याही अंगात कोट, तिघांच्याही काखेत पुस्तक.

"शेवटी आम्ही म्हणायचं ना? त्याचं-आमचं ठरलं होतं," पोस्टमन म्हणाला.

"काका, सगळं ठरून गेलंय आता. वेळ अगदी मोजका आहे. राहू द्या."

"बरं," पोस्टमन म्हणाला.

तिघे अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले. पेटी त्यांच्यासमोरून बाहेर जाताना दातारने तिरक्या नजरेने पाहिलं. तिघे उभे होते आणि तिघांची पुस्तकं मिटलेली होती. कीबोर्डवर काहीतरी गोडगोड वाजत होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं.

खंत मागाहून आली, आणि आली ती थेंबाथेंबाने. कधी मेण वितळवताना, कधी जेवताजेवता. ती पुरती अंगावर आली गेल्या वर्षी, एका डॉक्टरच्या आईच्या अंत्यविधीत. तिथे चार बायकांनी पेटीमागून चालत तेच गाणं म्हटलं. शब्द त्याला कळले नाहीत, पण चाल त्याने ओळखली. सकाळी दाढी करताना बाबा तीच घोळवत असायचे. समोर भिंतीवर घड्याळ होतं. गाणं सुरू होऊन संपायला दोन मिनिटं लागली. वेळ नाही म्हणून जे त्याने नाकारलं होतं ते एवढंसं होतं. त्या दिवशी त्याला घास गेला नाही. पुढे चर्चच्या फलकावर शिबिराची सूचना दिसली, 'अनुभवाची गरज नाही' असं खाली लिहिलेलं, आणि त्याने नाव देऊन टाकलं. शिकून काय करणार, याचा विचार त्याने केला नव्हता.

चर्चमागच्या सभागृहात वीस-बावीस माणसं जमली होती. एक नर्स, दोन शिक्षिका, एक रंगारी, काही कॉलेजातली मुलंमुली. शिकवायला तिशीतली एक बाई होती, शाळेत संगीत शिकवणारी. तिने सगळ्यांना कागद वाटले. स्वरलिपीच्या नेहमीच्या पाचाऐवजी चारच रेघा आणि त्यांवर स्वरांचे चौकोनी ठिपके, कुठे सुटे, कुठे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले.

"इथे ठेका नाही," बाई म्हणाली. "मोजत बसू नका. वाक्य बोलतो तसं गायचं. आणि सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारचा गात असला की आपण हळूच घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही माणसं श्वासच घेत नाहीत."

पहिला तास दातारला फार जड गेला. आवाज घशातून निघायचा आणि दातांपाशी अडायचा. बाई फिरत फिरत त्याच्याजवळ थांबली.

"काका, दात आवळून गाताय तुम्ही. तोंड उघडा की."

"दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडतो," तो म्हणाला. "स्वतःचं उघडायची सवय नाही."

सगळे हसले. तोही हसला आणि पुढची ओळ जरा बरी आली.

मधल्या सुट्टीच्या आधी एक म्हातारा उशिरा आला आणि दातारशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. दातारने सवयीप्रमाणे आधी त्याचं तोंड पाहिलं. वरची कवळी सैल होती. प्रत्येक 'स'ला ती घसरायची आणि म्हातारा जिभेने ती परत वर ढकलायचा. आठ-दहा वर्षांची असणार, हिरड्या आटल्यात, असं त्याने मनाशी निदान केलं. मग त्याची नजर म्हाताऱ्याच्या हातांकडे गेली. अंगठ्याच्या नखात सरस वाळून पिवळा झालेला होता आणि मांडीवर कापडी पाठीचं पुस्तक होतं.

तो बाइंडर होता.

दातारने पटकन नजर कागदावर वळवली. पण म्हाताऱ्याने त्याला ओळखलं नव्हतं. अकरा वर्षांत दातारचं टक्कल पडलं होतं आणि दाढी आली होती.

"तुमच्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी आहेत," बाइंडर कुजबुजला. "माझ्यात बघा." आणि त्याने पुस्तक दोघांच्या मधे धरलं.

जेवायच्या सुट्टीत दोघे बाहेरच्या ओसरीवर एका बाकावर बसले. बाइंडरच्या डब्यात पाव होता आणि दोन उकडलेली अंडी. बराच वेळ त्याने एकट्यानेच बोलून घेतलं, एकट्याने राहणारी माणसं बोलतात तसं.

"आम्ही चौघं होतो," तो सांगू लागला. "आमच्यातला लेथवाला सगळ्यांत पक्का. एकदा सूर धरला की हलायचा नाही. त्याच्या अंत्यविधीला आम्हाला निरोपाचं म्हणायचं होतं. राहून गेलं."

"का?" दातारने विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"मुलाने नको म्हटलं. त्याला कसला दोष द्यायचा? बापाने सांगितलंच नसेल. लेथवाला तसलाच होता, मनातलं ओठांवर यायला त्याला वर्ष लागायचं. मग मुलाला काय स्वप्न पडणार?" बाइंडर अंडं सोलत होता. "चूक आमचीच. बाहेर अंगणात उभं राहून म्हटलं असतं तर कोण हात धरणार होतं? पण पोस्टमन दुखावला होता, आणि आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. घरी जाताना त्याने आपलं पुस्तक माझ्या हातात दिलं. ठेव म्हणाला. पुन्हा गायला आलाच नाही. सहा वर्षं एकाच गल्लीत राहिलो, रोज बोलायचो, पण गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. शिपाई गेला, मग पोस्टमन गेला. पोस्टमनसाठी मी एकट्याने म्हटलं. ते एकट्याने होत नाही हो. श्वास कुठे घ्यायचा?"

दातारने डबा बाजूला ठेवला.

"काका, तो मुलगा मी."

बाइंडरने त्याच्याकडे पाहिलं. हातातलं अंडं तसंच राहिलं.

"दाढी वाढवलीस," तो म्हणाला. "नाक बापाचंच आहे. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." मग त्याने अंड्याचे दोन भाग केले आणि एक दातारच्या हातावर ठेवला. "खा. मनाला लावून घेऊ नकोस. तुला माहीत नव्हतं. माहीतच नसेल तर माणूस काय करणार?"

बोलायची वेळ ती होती. बाबांनी सांगितलं होतं, मी हो म्हणालो होतो, एवढंच सांगायचं होतं. दातारने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून बाईने टाळी वाजवून सगळ्यांना बोलावलं.

त्याने अंडं खाल्लं.

दुपारी बाईने नेमकं निरोपाचंच गाणं घेतलं. बाइंडरची कवळी दोनदा घसरली, तेव्हा त्याने ती सरळ काढून रुमालात गुंडाळली आणि बोळक्या तोंडाने गाऊ लागला. व्यंजनं सगळी गळून गेली, स्वर तेवढे राहिले. पण सूर असा स्वच्छ होता की कॉलेजातली मुलं मागे वळून बघायला लागली. दातारच्या तोंडून मात्र एक अक्षर फुटेना. त्याला माफी मिळाली होती, पण ती भलत्याच माणसाला मिळाली होती. ज्याला काही माहीत नव्हतं अशा मुलाला. तसा मुलगा कधी नव्हताच.

निघताना तो एवढंच म्हणाला, "काका, तुमची कवळी मी नवी करून देतो. पुढच्या आठवड्यात या."

"बघ हं," बाइंडर म्हणाला. "मग 'स' म्हणताना तुझी आठवण काढावी लागेल."

बाइंडर ठरल्या दिवशी आला. माप खरं म्हणजे डॉक्टरने घ्यायचं असतं, पण खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी आपली खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुझा माणूस आहे, तूच घे." दातारने पूड पाण्यात घोटून गुलाबी लगदा केला, साच्यात भरला आणि म्हाताऱ्याच्या तोंडात बसवला.

"आता तीन मिनिटं हलायचं नाही आणि बोलायचं नाही. नाकाने श्वास घ्या."

बाइंडरने मान डोलावली. दातार एका हाताने साचा टाळूवर दाबून उभा होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "बाबांनी मला सांगितलं होतं."

म्हाताऱ्याचे डोळे वर दिव्याकडे होते, ते खाली आले.

"हॉस्पिटलात. चार दिवस आधी. तुमचं चौघांचं ठरलंय, फादरना सांग म्हणाले. मी हो म्हणालो. मी विसरलो नव्हतो. मला लाज वाटली. डॉक्टर येणार होते, सासरची माणसं येणार होती. तुमचे आवाज कापतील, लोक हसतील, असं वाटलं. म्हणून मी फादरना सांगितलंच नाही. आणि दारात तुम्हाला वेळ नाही म्हणालो, तेही खोटं होतं. वेळ होता."

बाइंडरने खुर्चीचे हात घट्ट धरले. बोलता येत नव्हतं. दातारला वाटत आलं होतं की एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. समोरचा बोलू शकत नाही अशीच वेळ आपण मुद्दाम निवडली की काय, हेही त्याचं त्याला कळेना. उरलेला वेळ त्याने घड्याळाकडे बघत काढला आणि मग साचा अलगद बाहेर काढला.

बाइंडरने चूळ भरली, थुंकला, पुन्हा चूळ भरली. रुमालाने हनुवटी पुसली. घाई कशाचीच केली नाही.

"त्याने सांगितलं, आणि तू हो म्हणालास," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तो निर्धास्त गेला."

"हो."

"तेवढं बरं झालं. बाकीचं वाईट केलंस."

दातारने साचा बाजूला ठेवला.

"हे तू मला सांगून काय उपयोग?" बाइंडर पुढे म्हणाला. "मी रागावणारा माणूस नाही. मी अर्धं अंडं देतो आणि सोडून देतो. हे पोस्टमनला सांगायचं होतंस. त्याने तुला दारातून हाकललं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या रविवारी गायला आला असता. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, लेथवाल्यालाच आपण नकोसे झालो होतो. आयत्या वेळी त्यानेच मन बदललं असेल, म्हणायचा. मी कितीदा समजावलं, ऐकलं नाही."

हे दातारच्या कधी मनातही आलं नव्हतं. सहा वर्षं पोस्टमन त्याच शहरात होता. दातार त्याला बाजारात लांबून पाहायचा आणि पलीकडच्या फुटपाथवर जायचा. एक वाक्य बोलायचं होतं. बाबांना तुम्ही हवे होतात, मी आडवा आलो, एवढंच.

तो खाली बसला आणि साच्याकडे बघत राहिला. बाइंडरने त्याच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. टोपी घातली आणि विचारलं, "दात कधी मिळतील?"

"पंधरा दिवसांत."

"बरं," बाइंडर म्हणाला आणि निघून गेला.

दातारने ती कवळी दुसऱ्या कुठल्याही कामापेक्षा निगुतीने केली. तीनदा मेणात दात लावून पाहिले, वरच्या-खालच्या दातांचा चावा दोनदा तोंडात तपासून दुरुस्त केला. बाइंडर दोन्ही वेळा आला, सांगितलं तसं तोंड उघडलं, गरजेपुरतं बोलला. शेवटच्या दिवशी नवे दात बसवून तो आरशासमोर उभा राहिला आणि 'स' असलेले चार-पाच लॅटिन शब्द म्हणून पाहिले. मग पिशवीतून कापडी पाठीचं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पहिल्या पानावर पोस्टमनचं नाव होतं.

"गुरुवारी संध्याकाळी ये," तो म्हणाला. "माफ केलंय म्हणून बोलावत नाही. मला शेजारी कुणीतरी लागतं म्हणून."

दातार गुरुवारी जाऊ लागला. बाइंडरची खोली तळमजल्यावर होती. कागदाच्या रद्दीने आणि सरसाच्या वासाने भरलेली. शिकवताना म्हातारा कडक होता. चूक झाली की पहिल्यापासून. बावन्नाव्या वर्षी गळा वळत नाही, हे दोघांनाही दिसत होतं. बायकोने विचारलं तेव्हा दातारने एका संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना म्हणून तुम्ही लाजलात? त्यांना कुठे कीबोर्ड आठवतोय आता?"

बाबांच्या स्मृतिदिनी सकाळी दोघे दफनभूमीत गेले. चर्चमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांच्या दगडावर वाळलेली पानं पडली होती. दातारने ती हाताने झाडली. पलीकडे एक बाई झारीने रोपांना पाणी घालत होती. दोघांनी पुस्तकं उघडली आणि बाइंडरने सूर दिला.

पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीला बाइंडरचा श्वास संपला. त्या जागी दातारने सूर धरून ठेवायचा होता. त्याने धरला, पण पुढचा ठिपका वर जातो की खाली, हे त्याला पानावर सापडेना, आणि दोघे एकदम थांबले. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच मोडलं. तिसऱ्यांदा ते शेवटपर्यंत पोचले, पण मधे दोन ठिकाणी शांतता पडली आणि शेवटची ओळ बाइंडरने एकट्याने, फुटक्या आवाजात ओढत नेली. झारीवाली बाई त्यांच्याकडे बघत होती. ती हसली नाही.

बाइंडरने पुस्तक मिटलं.

"पुन्हा म्हणू या का?" दातारने विचारलं.

"नको. आता याहून बरं होणार नाही."

फाटकाकडे जाताना म्हातारा हळू चालत होता. दातारने त्याचा दंड धरला. त्याने धरू दिला.

"आम्ही तिघांनी म्हटलं असतं ना," बाइंडर म्हणाला, "तर त्याला आवडलं असतं. पोस्टमन खालचा सूर धरायचा. तो असला की श्वास घ्यायला सवड मिळायची."

बस यायला अजून वेळ होता. दोघे फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले, आणि बस येईपर्यंत बाइंडर त्याला पोस्टमनचा खालचा सूर कुठे लागायचा ते हाताने दाखवत राहिला.